मांगालित्सा की टॅमवर्थ?

डुकरांच्या या दोन्ही जाती दुर्मीळ, पण स्वभावाने आणि मांसाने अगदी वेगळ्या. हंगेरीची मांगालित्सा १८३०च्या दशकात सर्बियन डुकरांच्या संकरातून घडली. अंगावर मेंढीसारखी कुरळी लोकर आणि कातडीखाली चरबीचा जाड थर. स्वयंपाकाला डुकराची चरबी लागायची तोवर तिचा थाट होता. तेलं स्वस्त झाली, लोक चरबीला घाबरू लागले आणि १९९०च्या सुमारास ती जवळपास संपलीच होती. वाढ संथ, पिल्लंही कमी.

इंग्लंडची तांबूस टॅमवर्थ सडपातळ, लांब मुस्कटाची, बेकनसाठी नावाजलेली. जमीन उकरण्यात पटाईत आणि कुंपणाची शत्रू! १९९८मध्ये कत्तलखान्यातून निसटून नदी पोहून गेलेली जोडी याच रक्ताची. मुरवलेल्या मांसासाठी मी मांगालित्साच निवडेन. रान साफ करायचं असेल तर टॅमवर्थ.