ईव्ही चार्जर बसवताना झालेली आमची फसवणूक: अर्थिंग स्वतःच्या डोळ्यांसमोर मोजून घ्या

घरच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवून देतो म्हणून एका ठेकेदाराने आमच्याकडून चोपन्न हजार रुपये घेतले. त्यातलं जवळजवळ प्रत्येक काम खोटं निघालं. पैसे गेल्याचा राग आहेच, पण त्याने जे करून ठेवलं होतं त्यामुळे आमच्या सोसायटीत गाड्या धुणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतलं असतं. म्हणून हे सगळं लिहिते आहे. तांत्रिक भाग थोडा लांबेल, पण तो कृपया वाचा. फसवणूक त्याच भागात लपलेली होती.

आम्ही नाशिकला, गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. चार मजली इमारत, खाली पार्किंग, जिन्याखाली मीटर रूम. गाडीबरोबर ७.२ किलोवॅटचा चार्जर आला होता. तो बसवायला कंपनीने ठरवलेली एजन्सी असते, पण तिची तारीख लांबची मिळत होती. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी तिथेच एका माणसाने कार्ड हातात दिलं. अंगात गाडीच्या कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट होता. "ताई, मी पॅनलवरचाच आहे. एजन्सीवाले पण नाशिकची कामं मलाच देतात," म्हणाला. घरी आला तेव्हा सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, चहा घेतला, पार्किंग टेपने मोजलं. बोलणं इतकं व्यवस्थित की शंका यावी असं काहीच नव्हतं.

मग त्याने भीती घातली. घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करणं बेकायदेशीर आहे, पकडलं तर दंड बसेल. वेगळा ईव्ही मीटर घ्यायचा तर तीन-चार महिने लागतात. त्यापेक्षा मी आतल्या ओळखीने लोड, म्हणजे मीटरवर मंजूर झालेला विजेचा भार, वाढवून आणतो, त्याचे साडेअकरा हजार रोख द्या.

यातलं पहिलं वाक्य साफ खोटं आहे. घरच्या सध्याच्याच वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मंजूर भार पुरेसा नसेल तर तो वाढवून घ्यावा लागतो, एवढंच. वेगळा मीटर हवा असेल तर तो मागण्याचा हक्कही फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीने दिला आहे. त्याच दुरुस्तीने नवीन जोडणीची मुदत महानगरांत तीन, इतर पालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांवर आणली. लोडवाढीचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून आपला आपल्याला करता येतो. पैसे कोटेशन आल्यावर ऑनलाइन भरायचे आणि पावतीवर आपला बारा आकडी ग्राहक क्रमांक बघायचा. मधल्या कोणाच्या हातात रोख देण्याचा प्रश्नच येत नाही.

त्याचं एस्टिमेट असं होतं: सहा एमएमची तांब्याची केबल, पाइप आणि मजुरी २१,०००, बॉक्स, आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) ९,५००, केमिकल अर्थिंग १२,०००, लोडवाढ ११,५००. कागदावर जीएसटी क्रमांक नव्हता. सोसायटीच्या एनओसीसाठी त्याने शिक्का मारलेला टेस्ट रिपोर्ट दिला, त्यावर विद्युत ठेकेदाराचा परवाना क्रमांकही होता. तो क्रमांक दुसऱ्याच एका ठेकेदाराचा आहे, हे नंतर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात विचारल्यावर कळलं.

काम एका दिवसात झालं. संध्याकाळी चार्जर सुरू केला तर त्यावर लाल दिवा लागला, म्हणजे अर्थ फॉल्ट. चार्जर सुरू होण्याआधी स्वतः तपासतो की अर्थची वायर खरोखर जोडलेली आहे का. नसेल तर तो गाडीला वीज देत नाही. गाडीचं सगळं अंग पत्र्याचं आणि ती उभी रबरी टायरवर, त्यामुळे गळती झालेल्या करंटला जमिनीत जायला अर्थच्या त्या हिरव्या वायरशिवाय वाट नसते. ठेकेदार म्हणाला, "नवीन खड्डा आहे ताई, माती ओली व्हायला वेळ लागतो." बॉक्सचं झाकण उघडून काहीतरी करत बसला. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. आम्ही पेढा दिला, उरलेले पैसे दिले, तो गेला.

त्या थोड्या वेळात त्याने काय केलं होतं ते काही आठवड्यांनी कळलं.

एके रात्री चार्जिंग मध्येच बंद पडलं. सकाळी गाडी अर्धवट चार्ज झालेली, प्लग तसाच लागलेला. गाड्या धुणारा मुलगा नेहमीप्रमाणे आला, ओलं फडकं दाराला लावलं आणि ओरडून मागे पडला. चप्पल रबरी होती, हात लगेच सुटला. दंड बराच वेळ बधिर होता त्याचा. दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, सुदैवाने काही निघालं नाही. वय जेमतेम एकोणीस-वीस. त्याची आई दोन इमारती सोडून पोळ्या लाटते. तिला फोन करताना माझा हात थरथरत होता.

मेन स्विच बंद केला आणि ओळखीतल्या एका जुन्या, परवानाधारक वायरमनना बोलावलं. त्यांनी एकेक गोष्ट उघडून दाखवली. जे सापडलं ते क्रमाने सांगते, कारण एका लबाडीवर दुसरी उभी होती.

आधी केबल. वरती 'सहा एमएम, कॉपर' असं छापलेलं. वायरमनदादांनी एक तार ब्लेडने खरवडली, आत चांदीसारखा पांढरा धातू. तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तांब्याच्या मानाने ते जेमतेम दोन तृतीयांश वीज वाहतं आणि स्क्रूखाली दाबलं की हळूहळू ढिलं पडत जातं. गीझर पंधरा मिनिटं चालतो. हा चार्जर ३२ अँपिअर सलग चार-पाच तास खेचतो. केबल रोज तापायची, रोज गार व्हायची. मीटर रूममधला न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचा, जोड त्यातच सैल होत गेला आणि त्या रात्री जळून सुटला. जोडाजवळचं प्लॅस्टिक वितळलेलं आम्ही पाहिलं.

पण न्यूट्रल सुटला म्हणून गाडीला करंट यायचं कारण नाही. चार्जिंग बंद पडतं, बस. इथे दुसरी लबाडी पुढे आली. पार्किंगच्या बॉक्समध्ये आरसीसीबीच्या आधी, न्यूट्रलच्या पट्टीपासून अर्थच्या पट्टीपर्यंत एक वीतभर वायर टाकलेली होती. याला वायरमन लोक न्यूट्रल-अर्थ लूप म्हणतात. चार्जरला अर्थ हवी होती, त्याने न्यूट्रललाच अर्थ म्हणून दाखवलं. चार्जर फसला आणि हिरवा दिवा लागला. न्यूट्रल शाबूत होता तोवर कोणाला काही कळलं नाही. तो सुटताक्षणी चार्जरमधून परत येणाऱ्या विजेला मीटरकडे जायची वाट उरली नाही. ती त्या वीतभर वायरने अर्थच्या पट्टीवर, तिथून हिरव्या वायरने गाडीच्या पत्र्यावर आली आणि कोणीतरी हात लावण्याची वाट बघत राहिली.

मी विचारलं, "दादा, मग आरसीसीबी का पडली नाही? तिचं टेस्ट बटण तर चालतं." त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. आरसीसीबी गेलेला आणि आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघते. लूप तिच्या आधी असल्यामुळे करंट तिच्यातून गेला, तिच्यातूनच परत आला आणि मग गाडीकडे वळला. तिच्या हिशेबात काही कमी पडलंच नाही. आणि टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते ते तिच्या आतल्या रेझिस्टरमुळे. बाहेर अर्थिंग आहे की नाही याच्याशी त्या बटणाचा काही संबंध नाही. हे मला माहीत नव्हतं आणि मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकांना माहीत नव्हतं. शिवाय बसवलेली आरसीसीबीसुद्धा साधी, एसी टाइपची होती. चार्जरच्या पुस्तिकेत ए टाइप मागितलेली आहे. तोंडावरच्या चिन्हावरून ओळखता येते: नुसती एकच नागमोडी रेघ असेल तर एसी टाइप, तिच्याखाली आणखी उंचवट्यांची रेघ असेल तर ए टाइप.

शेवटी बारा हजारांचा खड्डा. सिमेंटचं गोल झाकण, त्यावर पिवळा रंग, अर्थिंगचं चिन्ह. झाकण काढलं तर खाली हातभर वाळू आणि मूठभर खडे मीठ. इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायचा धातूचा दांडा) नाही, पट्टी नाही. हिरवी वायर भिंतीतल्या पाइपात दिसेनाशी होत होती. ती ओढली तर सरळ हातात आली. दुसरं टोक कुठेच जोडलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आलेल्या वीजबिलावर मंजूर भार पूर्वीइतकाच, ३ किलोवॅट. महावितरणच्या कार्यालयात विचारलं तर आमच्या ग्राहक क्रमांकावर अर्जच केलेला नव्हता.

ठेकेदाराला फोन केला. म्हणाला, "ताई, चार्जर चालला होता ना इतके दिवस? मग काम झालेलं आहे." मुलाला शॉक बसल्याचं सांगितलं तेव्हा फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. गाडीच्या कंपनीकडे चौकशी केली तर या नावाचं कोणी त्यांच्या यादीत नव्हतं.

आम्ही काही फेकून दिलं नाही. लूपची वायर, खरवडलेली केबल, वितळलेला जोड, उघडलेला खड्डा, सगळ्याचे फोटो दुसऱ्या वायरमनच्या लेखी अहवालासकट ठेवले. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्ज दिला, विद्युत निरीक्षकांकडे परवाना क्रमांकाच्या गैरवापराची तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. यूपीआयने दिलेल्या साडेबेचाळीस हजारांचा पुरावा आहे, रोख दिलेल्या साडेअकरा हजारांचा नाही. प्रकरण अजून सुरू आहे.

नवीन काम करताना दादांनी मला शेजारी उभं केलं. खऱ्या तांब्याच्या सहा एमएम लवचीक वायरमध्ये ०.३ मिलिमीटरच्या ८४ तारा असतात, त्या मोजून दाखवल्या. आमचं अंतर जास्त म्हणून शेवटी दहा एमएम घातली. खड्ड्यासाठी काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खणलं, इलेक्ट्रोड आत जाताना मी पाहिला. मग अर्थ टेस्टरच्या दोन सळ्या लांब अंतरावर ठोकून रीडिंग घेतलं: ३.२ ओहम. ते आकडे आणि तारीख कागदावर लिहून सही करून दिली. पैसे त्यांनी त्यानंतरच घेतले.

ज्यांच्याकडे चार्जर आधीच बसवलेला आहे त्यांना एक तपासणी आजच करून घेता येईल. स्वतः बॉक्स उघडू नका, परवानाधारक वायरमन बोलवा. त्यांना चार्जरच्या बॉक्समध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा, एकदा गाडी चार्ज होत नसताना आणि एकदा पूर्ण लोडवर. अर्थिंग खरं असेल तर लोड आल्यावर हा आकडा थोडा वाढतो. दोन्ही वेळा तो शून्यावरच चिकटून बसला तर जवळच कुठेतरी लूप टाकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो सापडेपर्यंत चार्जर बंद ठेवा आणि प्लग गाडीतून काढून ठेवा. आमच्याच रस्त्यावरच्या आणखी एका सोसायटीत याच माणसाने काम केलं होतं. तिथे दादांनी मीटर लावला आणि लोड आल्यावरही काटा हलला नाही. त्या बॉक्समध्येही तसाच वायरचा तुकडा निघाला.