पॅसाडिनातलं १९१३ सालचं क्राफ्ट्समन घर: चौदा महिने राहिल्यानंतरचा अनुभव

घर घेताना आम्हाला धास्ती दोन गोष्टींची होती. एक त्याच्या वयाची आणि दुसरी त्याच्या रंगांची. बैठकीची खोली मोरपंखी, जेवणाची हळदी, आमची झोपायची आमसुली. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा नवरा हळूच म्हणाला, "घेतलं तर आधी सगळं पांढरं करून टाकू." चौदा महिने झाले, एकही भिंत पांढरी केलेली नाही आणि करणारही नाही. वयानेही त्रास दिला नाही. त्रास दिला तो आठ वर्षांपूर्वीच्या नूतनीकरणात घाईघाईने बसवलेल्या नव्या गोष्टींनी. एवढ्या विस्ताराने लिहितेय, कारण आमच्या ओळखीतली बरीच मराठी मंडळी अशी घरं बघायला जातात आणि एक तर "फारच जुनं आहे" म्हणून परत येतात, नाही तर "सगळं रिनोव्हेटेड आहे" या एका शब्दावर विसंबून सही करतात.

घर कॅलिफोर्नियात, पॅसाडिनाच्या बंगलो हेवन भागात आहे. १९८९ मध्ये पॅसाडिना शहराने जपणुकीसाठी जाहीर केलेली ही पहिली वस्ती. इथली बहुतेक घरं विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतली. फर्निचर बनवणारे गुस्ताव स्टिकली यांनी १९०१ मध्ये 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक सुरू केलं, त्यावरून या धाटणीला नाव मिळालं. यंत्राच्या नक्षीपेक्षा साधं, हाताने नीट जोडलेलं लाकूड चांगलं, हा त्यांचा आग्रह. आमच्या घराजवळच ग्रीन या वास्तुरचनाकार बंधूंनी १९०८ मध्ये बांधलेलं गॅम्बल हाउस आहे. ते बघायला गेलात की सागवानी जिन्यावरून हात फिरवल्याशिवाय राहवणार नाही. आमचं घर त्याच्यापुढे अगदी साधं, मध्यमवर्गीयांसाठी बांधलेलं. आईंना (सासूबाईंना) फोनवर "बंगलो घेतला" म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर फाटक, गुरखा, दोन गाड्या असलं काही उभं राहिलं. बंगाली धाटणीच्या बसक्या घराचा आपल्याकडचा 'बंगला' इंग्रजीत गेला आणि कॅलिफोर्नियात येऊन शिक्षकाच्या-कारकुनाच्या घराचं नाव झाला. मला हे फार आवडतं.

आता ओसरी. इथे तिला पोर्च म्हणतात, पण आई आल्या त्या दिवसापासून ती ओसरीच आहे. पुढे दगडी जोत्यावर निमुळते होत गेलेले दोन खांब, वर बाहेर आलेलं छप्पर आणि वळचणीला उघडे दिसणारे वासे. आईंचं माहेर वाईचं. त्या पहिल्या सकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन ओसरीवर बसल्या त्या दहा वाजेपर्यंत उठल्याच नाहीत. येणारे-जाणारे शेजारी हात करायचे, थांबायचे, बोलायचे. आधीच्या अपार्टमेंटमध्ये सहा वर्षांत जेवढे शेजारी ओळखीचे झाले नव्हते तेवढे त्यांच्या तीन महिन्यांत झाले. दिवाळीत मधल्या वाशाला आकाशकंदील टांगला. वाशात आधीचाच एक जुना आकडा होता, खिळा ठोकावा लागला नाही.

ही खोल वळचण नुसती शोभेची नाही. जूनमध्ये इथे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर, ७९ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडक्यांवर ऊन पडतच नाही. डिसेंबरात तो ३२ अंशांपर्यंतच येतो आणि ऊन थेट जेवणाच्या टेबलापर्यंत आत येतं. तोटाही सांगते: उन्हाळ्यात बैठकीची खोली अंधारी असते. ज्यांना लख्ख उजेड हवा त्यांनी हे घर दुपारी, दिवे बंद करून बघावं.

आणि इथेच रंगांचं कोडं मला उलगडलं. भिंतीच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत डग्लस फरच्या लाकडाची पॅनेल, वर ताटल्या मांडायची अरुंद फळी आणि तिच्या वर रंग. शेजारच्यांकडे त्याच लाकडावर भिंत पांढरी आहे. तिथे लाकूड काळपट दिसतं आणि पांढरा रंग सावलीत करडा पडतो. आमच्याकडे हळदी भिंतीखाली तेच लाकूड मधासारखं दिसतं. रंग मॅट आहे, चकाकी नाही, त्यामुळे संध्याकाळी दिवा लावला की भिंत अंगावर येत नाही. मोरपंखी खोलीत शेकोटीभोवती मातकट तपकिरी-निळ्या टाइल आहेत, त्या काळात पॅसाडिनात अर्नेस्ट बॅचेल्डर करत असत तशा. भिंतीचा रंग त्याच टाइलमधल्या निळ्यावरून उचललाय हे मला सहाव्या महिन्यात लक्षात आलं. ज्याने रंग निवडले त्याची नजर चांगली होती, हे मनापासून सांगते. एकच रंग चुकलाय: न्हाणीघरातला अबोली. तिथे लाकूडही नाही आणि उत्तरेचा थंड उजेड येतो, त्यामुळे आरशात प्रत्येक जण आजारी दिसतो. तो बदलणार आहोत.

लाकडावर लाखेचं पॉलिश आहे. मुलीने फळीवर ओला पेला ठेवला आणि पांढरं कडं उमटलं तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. स्पिरिटचा ओलसर बोळा दोनदा हलक्या हाताने फिरवला, पॉलिश किंचित विरघळून परत बसलं आणि कडं गेलं. त्या वासाने आई आतून आल्या. "लग्नघरात सुतार पॉलिशला यायचा, तेव्हा हाच वास," म्हणाल्या. स्वयंपाकघरातल्या नव्या कपाटांवर मात्र कागदासारखं प्लॅस्टिकचं आवरण आहे. शेगडीजवळ वाफ लागून ते सहाव्या महिन्यातच सुटायला लागलं. त्याला स्पिरिट नाही, पॉलिश नाही, दार बदलणं हा एकच उपाय.

स्वयंपाकघराची खरी तक्रार धुराची. शेगडीवर देखणं स्टीलचं हूड आहे, आवाजही दमदार. पहिल्या आठवड्यात मिरचीची फोडणी दिली आणि पुढच्या खोलीत मुलगी ठसक्याने रडायला लागली. शिडी लावून बघितलं तर हूडला बाहेर जाणारी नळीच नाही. धूर वर ओढायचा, जाळीतून फिरवायचा आणि परत आपल्याच तोंडावर सोडायचा. मागच्या भिंतीतून नळी काढून घेतली तेव्हा प्रश्न मिटला. रस्त्यावरून दिसणाऱ्या मोठ्या बदलांना या वस्तीत शहराकडून तपासणी करून घ्यावी लागते, म्हणून नळी पुढे न काढता मागे काढली.

त्याहून गंभीर गोष्ट माळ्यावर निघाली. जुन्या पद्धतीची, चिनी मातीच्या गुंड्यांवरून ओढलेली वायर काही खोल्यांत अजून चालू होती आणि नूतनीकरण करणाऱ्यांनी तिच्यावरच इन्सुलेशनचा कापूस फवारून टाकला होता. ही वायरिंग मोकळ्या हवेत थंड राहावी अशीच आखलेली असते, तिच्यावर गोधडी घालणं म्हणजे आगीला आमंत्रण. विकताना कागदावर "वायरिंग नवीन" लिहिलं होतं. नवीन होती ती फक्त दिसणाऱ्या बटणांपर्यंत. मला याचा अजून राग आहे, कारण त्या माळ्याखाली माझी मुलगी झोपत होती. सगळी बदलून घेतली, दोन आठवडे बैठकीच्या खोलीत गाद्या टाकून झोपलो. घर घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला माळ्यावर चढवा, दारातून टॉर्च मारून खाली उतरू देऊ नका.

जोत्याखाली मात्र चांगलं काम झालेलं आहे. घराची चौकट पायाला बोल्टने जखडलेली आणि खालच्या बुटक्या भिंतींना प्लायवूड ठोकलेलं. भूकंपात ही घरं पडतात ती बहुधा पायावरून सरकून. १९८० पूर्वीच्या घरांना या कामासाठी कॅलिफोर्नियात ३,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकतं, चौकशी जरूर करा. २०२५ च्या जानेवारीत ईटन आगीने शेजारचं अल्टाडेना होरपळलं, तेव्हापासून विमा मिळवणं इथे जिकिरीचं झालंय. आम्ही माळ्याच्या झरोक्यांना ठिणगी आत जाणार नाही अशी बारीक धातूची जाळी लावली आणि भिंतीला टेकलेली झुडपं काढली.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते: खिडक्या. एकूण चौदा. प्रत्येक खिडकीत काचेच्या दोन चौकटी, एकमेकींसमोरून वर-खाली सरकणाऱ्या. पहिल्या उन्हाळ्यात आम्हाला कळलं की चौदापैकी बारा रंगाने चिकटून बंद झाल्यात. कुणीतरी फटींवरूनच रंग ओढलाय. सप्टेंबरात पारा ३८ अंशांवर गेला आणि घर रात्री अकरापर्यंत निवेना. खिडक्या विकणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन सगळ्या काढून प्लॅस्टिकच्या बसवायचा सल्ला देऊन गेला. शेजारच्या निवृत्त सुतारकाकांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा कटर घेऊन आले.

आधी रंगात शिसं आहे का ते तपासलं. इथे घरांच्या रंगात शिशावर बंदी १९७८ ची, म्हणजे त्याआधीच्या घरात ते असणार असंच धरून चालायचं. होतंच. म्हणून पाणी मारून, मास्क लावून, मुलीला मागच्या खोलीत ठेवून काम केलं. रंगाची फट कापली, आतली पट्टी पटाशीने उचकटली आणि खालची चौकट बाहेर काढली. बाजूच्या लाकडात, तळाजवळ, एका स्क्रूवर बसलेलं छोटं झाकण होतं. ते उघडलं तर आत अंधारात ओतीव लोखंडाचा लांबट गोळा पडलेला, साधारण चार किलोचा, त्याच्या डोक्याला कुजलेल्या दोरीची गाठ. वरची कप्पी मात्र तेलाचा थेंब पडताच फिरली. नवी सुती दोरी कप्पीवरून आत सोडली, वजनाला बांधली, दुसरं टोक चौकटीच्या खाचेत बसवलं. पहिल्यांदा दोरी लांब झाली. चौकट पूर्ण वर गेली की वजन तळाला टेकायचं आणि चौकट सैल पडायची. तीन बोटं दोरी कापली आणि मग ती चौकट जिथे सोडावी तिथे थांबायला लागली. मुलगी एका हाताने वर-खाली करत राहिली. सुतारकाकांनी तावदानांची सुटलेली लांबी (पुट्टी) भरायलाही शिकवलं.

आता रात्री वरची चौकट वीतभर खाली आणि खालची वीतभर वर, अशी उघडून ठेवतो. छताजवळची गरम हवा वरून निघून जाते आणि डोंगराकडची गार हवा खालून येते. दुसऱ्या उन्हाळ्यात नऊ वाजताच पंखे बंद करता येऊ लागले. अतिउष्ण दिवशी एसी लागतोच, पण तो आता चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे. काच जुनी, किंचित लहरी. डोकं हलवलं की बाहेरच्या ओकची पानं पाण्याखाली असल्यासारखी हलतात.

बागेबद्दल थोडक्यात, कारण बाग मी अजून शिकतेय. पुढे लॉन नाही, इथलीच झाडं आहेत: सेज, सियानोथस, मांझानिटा, वसंतात केशरी पॉपी. हमिंगबर्ड वर्षभर येतात. पहिल्या जुलैत दया येऊन मी सियानोथसला रोज पाणी घातलं आणि एक मोठं झाड महिन्याभरात मेलं. उन्हाळ्यात गरम, ओल्या मातीत त्याची मुळं कुजतात. आता त्याला उन्हाळ्यात हातही लावत नाही. मागे लिंबू, संत्रं आणि माझ्या कुंड्या. तुळस डिसेंबरात आत, न्याहारीच्या कोपऱ्यातल्या पूर्वेच्या खिडकीत येते. कढीपत्त्याचं रोप मैत्रिणीकडून आणणार होते, पण आणू नका. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही वाढते, म्हणून इथे ही रोपं भागाबाहेर नेण्या-आणण्यावर निर्बंध आहेत. परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावं.

महिन्याचे दोन शनिवार या घराला द्यावे लागतात. ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांनी नवं घर घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. आम्ही देतो, आणि हेच घर पुन्हा घेऊ, फक्त माळा आधी बघून. सध्या चौदापैकी अकरा खिडक्या उघडतात. बारावी आईंच्या खोलीतली आहे. त्या नोव्हेंबरात येतायत, त्याच्या आत दोरी बदलायचीय.