ठासणीची रायफल आणि धुळ्याचे मिस्त्री

दुकानाचं नाव लिहीत नाही. मिस्त्रींनीच बजावलंय, "नाव टाकू नका, लोक बिनपरवान्याच्या नळ्या घेऊन येतात." पाचकंदीलच्या बाजूला बंदूक दुरुस्तीचं म्हणून विचारलंत तर कोणीही बोट दाखवेल. दुकान म्हणजे एक लोखंडी टेबल, एक शिकंजा, भिंतीला रजिस्टर लटकवलेलं आणि बसायला एकच स्टूल, तेही डुगडुगणारं.

आमची रायफल आजोबांची, नळीच्या तोंडातून दारू-गोळी गजाने ठासून भरायची. चोपड्याजवळ आमची केळी आणि मका, डुकरांचा त्रास कायमचा, म्हणून पीकरक्षणाचा परवाना वारसाने माझ्या नावावर आला. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती आम्ही कधी घेतली नाही. बार काढून हुसकवायचं म्हटलं तरी बंदूक चालायला हवी ना! आमची आजोबांनंतर कोणी चालवलीच नव्हती, आणि आजोबा १९८७ साली गेले.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात एकाने ती "सर्व्हिस" करून दिली होती. सर्व्हिस म्हणजे काय, तर पॉलिश पेपर मारून तपकिरी अष्टकोनी नळी स्टीलच्या तांब्यासारखी पांढरी केली, त्यात अर्धे छाप घासले गेले, आणि पंधराशे रुपये घेतले. तशीच ती ओसरीच्या भिंतीवर टांगलेली होती. खाली पोरं अभ्यासाला बसायची.

मिस्त्रींनी रायफल हातात घेतली ती नळी भिंतीकडे करूनच. परवाना पाहिला, रजिस्टरला नोंद केली. मग काही न बोलता गज नळीत सोडला, तोंडाशी अंगठ्याने पकडला, बाहेर काढून नळीच्या अंगाला लावला. गजाचं टोक निपलपर्यंत, म्हणजे ठिणगी देणारी टोपी बसते त्या भोकाच्या बोंडीपर्यंत, पोचायला हवं होतं. तीन बोटं अलीकडे थांबलं. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत म्हणाले, "भो, बंदूक भरेल शे."

मला आधी कळलंच नाही. बंदूक भरलेली आहे हे कळलं तेव्हा त्या डुगडुगत्या स्टुलावर बसलो.

निपल काढून त्यांनी पितळेच्या तारेने आतून चार कण उकरले, बाहेर ओट्यावर कागदावर ठेवून काडी लावली. भुर्रकन पेटले. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, ७५, १५ आणि १० च्या प्रमाणात. कोरडी राहिली तर ती म्हातारी होत नाही. निपलच्या भोकातून पाणी सोडून रायफल रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली तेव्हा मी तिथेच होतो. फडक्याचा तुकडा, त्याच्यात पांढरी बुरशी धरल्यासारखी शिशाची गोळी, मागून काळा चिखल. तराजूत ३७ ग्रॅम भरली. बारा बोर म्हणजे एका पौंडात अशा बारा गोळ्या, म्हणजे हिशेब बसला. पुडीत बांधून मला परत दिली. आजोबांनी भरलेली शेवटची गोळी. कशासाठी भरली आणि का उडवली नाही, हे आता कोणाला विचारणार?

आमच्याकडे समज असा की ही रायफल औट्रम साहेबाची. त्याने १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, वाघही पुष्कळ मारले, त्यामुळे खानदेशात जुनी बंदूक म्हटली की औट्रम. मिस्त्री हसले. "समदासना घरनी बंदूक औट्रम सायबनीच ऱ्हास." मग नळीखालचा, पॉलिशवाल्याच्या तावडीतून वाचलेला बर्मिंगहॅमचा छाप दाखवला. टोपीची रायफल, औट्रम १८३५ मध्ये खानदेशातून गेला, त्यामुळे ही त्याच्या नंतरचीच असणार असं त्यांचं म्हणणं. आजीला हे सांगायची माझी हिंमत नाही.

नळीत डोकावलं तर गोळीला फिरकी देणारे आतले चर सरळच वाटतात. त्यांनी गजाला घट्ट चिंधी बांधून खडूची खूण केली आणि आत ढकलला. अडीच फुटांच्या नळीत पाव फेऱ्याहून थोडं जास्त वळण. एवढं कमी का? तर गोल गोळी आणि भरपूर दारू असली की जास्त वळणाच्या चरातून गोळी सटकते. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रांतात नोकरीला असलेल्या फोर्सिथ नावाच्या अधिकाऱ्याने १८६०च्या दशकात हेच लिहून ठेवलंय.

चाचणी गावाबाहेर त्यांच्या नेमलेल्या जागेत, मातीच्या बांधासमोर. पहिले दोन बार रायफल ट्रॅक्टरच्या टायरला बांधून, चापाला लांब सुतळी लावून. नळीने काही कुरकुर केली नाही, तेव्हा माझ्या खांद्याला दिली.

भरणं त्यांनी मला तीनदा करायला लावलं. आधी रिकाम्या नळीवर नुसती टोपी फोडायची, नळीचं तोंड गवताच्या काडीकडे करून. काडी हलली तर वाट मोकळी. दारू आधी मापात, मग नळीत. डब्यातून थेट कधीच नाही, आत ठिणगी राहिली असेल तर डबा हातात फुटेल. मग तेलात भिजवलेला मांजरपाटाचा तुकडा, त्यावर गोळी. चरबी कशाची, हे मी विचारलंच, १८५७ विसरता येत नाही. मधमाशीचं मेण आणि तिळाचं तेल, म्हणाले. गज थोडा थोडा पकडून दाबायचा, लांब पकडला तर मोडून तळहातात घुसतो. टोपी सगळ्यात शेवटी.

खांद्याला धक्का नाही, ढकलणं आहे, बैलाने डोकं लावल्यासारखं. मग पांढरा धूर, नासक्या अंड्याचा वास, आणि निशाण लागलं की नाही ते कळायला धूर विरेपर्यंत थांबायचं. तीस पावलांवरच्या खोक्याला अंगठा जाईल असं भोक.

तिसऱ्या बाराआधी ओली चिंधी फिरवायचा मला कंटाळा आला. आत साचलेल्या काजळीने गोळी अर्ध्यावर अडकली. मी तशीच उडवू का म्हणालो, तर त्यांनी रायफल माझ्या हातातून काढून घेतली आणि जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. दारू आणि गोळीत मोकळी जागा राहिली तर नळी फाटते. त्यांनी पुन्हा स्क्रूने गोळी काढली, मला उन्हात उभं ठेवून, मुद्दाम सावकाश.

तक्रारी आहेत. आठ दिवस सांगून सव्वीस लावले. फोन उचलत नाहीत. नवीन निपल, घोड्याची कमान, दस्त्याची चीर भरणं मिळून ४२०० झाले, रोखच लागतात, आणि पॉलिशचं काही करता येणार नाही म्हणाले, ती आता तशीच राहणार. पण गजावर दोन खुणा कोरून दिल्या, एक रिकामीची, एक भरलेलीची, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मी असताना एक जण लग्नात बार काढायला बंदूक तयार करून मागत होता. त्याला दारातूनच परत पाठवलं. वर सांगितलं की २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

जाणार असाल तर मूळ परवाना न्या, झेरॉक्सवर ते हात लावत नाहीत. आणि चाचणीच्या दिवशी जुने कपडे घाला. माझा शर्ट अजून अंगणातल्या दोरीवर आहे, घरात घ्यायला बायको तयार नाही.