पाळीची नोंद ठेवणारं अ‍ॅप: आठ महिने वापरल्यावर

पाळी थेट ४३व्या दिवशी आली, तेव्हा हे अ‍ॅप घेतलं. रोज रात्री झोप, डोकेदुखी, चिडचिड नोंदवायची. दोन मिनिटांचं काम. तिसऱ्या महिन्यात आलेख पाहिला आणि गलबलून आलं. आईच्या आजारपणातल्या जागरणाच्या रात्री, आणि त्यांच्या पाठोपाठ लांबलेली पाळी! डॉक्टरांना तोच आलेख दाखवला. ताणामुळे मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संकेत मंदावतात, बीज उशिरा सुटतं, म्हणून पाळी पुढे जाते, हे त्यांनी नीट समजावलं. थायरॉइडही तपासायला लावलं, ते बरंच झालं. मोठ्या बायकांत २१ ते ३५ दिवसांचं चक्र सर्वसाधारण मानतात.

एक गोष्ट मात्र खटकते. दिवस टळला की लाल अक्षरांत ‘उशीर’ झळकतं. आधीच छातीत धडधडत असताना ते अजिबात बघवत नाही. ही सूचना बंद करता येते, पण सेटिंगमध्ये फार आत दडवली आहे.