कोल्हापुरात बसून बीबीसी रेडिओ ४ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैच्या अखेरीपासून मी रेडिओ ४ ऐकते आहे. निवडून एखादा पॉडकास्ट नव्हे; लाइव्ह, लागेल तसं, दिवसभर. राजारामपुरीत माझं डीटीपी आणि बायंडिंगचं दुकान आहे. जुजबंदी करताना, पुठ्ठ्याला खळ लावताना हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात, कान तेवढे रिकामे. गाणी तासाभराने नुसतीच वाजत राहतात. बोलणं मात्र दिवसभर पुरतं.

आधी सोयीचं सांगते. ‘बीबीसी साउंड्स’ हे त्यांचं रेडिओ ऐकण्याचं ॲप जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबाहेर बंद झालं. रेडिओ ४ आणि वर्ल्ड सर्व्हिस बीबीसीच्या वेबसाइटवर आणि मुख्य ॲपवर ऐकता येतात. इंटरनेटवर आवाज थोडा उशिरा पोचतो, म्हणून तासाच्या ठोक्याला वाजणाऱ्या सहा पिप्सवर घड्याळ लावू नका. या पिप्स १९२४ पासून वाजताहेत, स्टेशन त्या मानाने नवं, १९६७ चं. आणि वेळेचं गणित नीट समजून घ्या : उन्हाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेपाच. मला ते ठाऊक नव्हतं. त्या सोमवारी साडेदहाला ‘टुडे’ हा त्यांचा सकाळचा बातम्यांचा कार्यक्रम ऐकायला गेले, तर तिकडे अजून पाचच वाजले होते.

माझा दिवस सुरू होतो तो त्यांचा दिवस संपताना. मध्यरात्रीनंतर ४८ मिनिटांनी ते समुद्राचा हवामान अंदाज वाचतात, शिपिंग फोरकास्ट. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात पाच अठरा, हिवाळ्यात सहा अठरा. चहाचं आधण ठेवायची वेळ. वायकिंग, नॉर्थ उत्सिरा, साउथ उत्सिरा, फॉर्टीज, क्रॉमर्टी... ब्रिटनभोवतीचे एकतीस भाग, दरवेळी त्याच क्रमाने. प्रत्येकाचा वारा, समुद्र, पाऊस आणि किती लांबचं दिसेल ते. ‘गुड’, ‘मॉडरेट’, ‘पुअर’. क्रियापदं जवळजवळ नाहीतच. वाचणारी व्यक्ती घाई करत नाही. बोटीवर कुणीतरी कागद-पेन घेऊन लिहून घेतंय, हे धरूनच ती वाचते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऑगस्ट होता, बाहेर पाऊस. शब्द निम्मे कळले नाहीत, पण काय चाललंय ते लगेच कळलं. आपण पावसाळाभर दुसरं काय ऐकतो? राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा किती फुटांवर. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. राधानगरीचे किती दरवाजे उघडले. २०१९ ला शाहूपुरीत माझ्या माहेरी पाणी शिरलं, त्या आठवड्यात घरात त्या आकड्याशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. ज्याच्या दाराशी पाणी आहे त्याला तेवढं नेमकं सांगितलेलं पुरतं. सासूबाईंचं सगळं आयुष्य सांगली आकाशवाणी ऐकण्यात गेलं, इंग्रजी त्यांना येत नाही. त्या रोज विचारतात, “आज काय म्हणतोय गं समुद्र?” मी सांगते.

आता भाषेचं. वीस वर्षं इंग्रजी प्रबंध टाइप केल्यामुळे शब्द माझ्या बोटांत होते, कानात नव्हते. ‘लीसेस्टर’ म्हणून कितीदा टाइप केलं असेल, ते ‘लेस्टर’ आहे हे पन्नाशीत कळलं. पहिला महिना निम्मंच समजलं. स्कॉटिश माणूस बोलायला लागला की हातातला फर्मा तसाच राहायचा. दिवाळीपर्यंत कान बसला. तुम्ही ऐकणार असाल तर महिनाभर धीर धरा. लगेच बंद करू नका.

सगळंच मला आवडतं असं नाही. तिथल्या संसदेच्या चर्चेला मी आवाज कमी करते. ‘द आर्चर्स’ ही १९५१ पासून चालू असलेली खेडेगावची श्रुतिका सुरुवातीला परकी वाटली. युद्धानंतर शेतकऱ्यांना नवी माहिती पोचावी, हाही तिच्यामागचा एक हेतू होता. मग एकदा गोठा, दुधाचा भाव, वारसा कुणाकडे, असं सगळं ऐकता ऐकता लक्षात आलं की हा विषय तर आपल्या करवीर तालुक्यातल्या कुठल्याही घरातला आहे.

‘वूमन्स आवर’ (१९४६ पासून) मी दुकानात स्पीकरवर लावते. पाळी जाण्याच्या दिवसांबद्दल भर दुपारी, सरळ आवाजात, डॉक्टरसमोर बसवून बोललेलं मी आधी कुठेही ऐकलं नव्हतं. शिलाईला येणाऱ्या दोघींना मी ते मराठीत सांगितलं. त्यातली एक दोन वर्षं रात्री घामाने जागी होत होती आणि कुणाला बोलली नव्हती. त्या दिवशी आमच्या हातून काम थोडंच झालं, बोलणं खूप झालं. मला या स्टेशनने काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी ही दुपार सांगते. हा विषय मी स्वतः शोधून कधीच लावला नसता. म्हणून पुन्हा सांगते, निवडू नका, चालू ठेवा.

गुरुवारचं ‘इन अवर टाइम’ मात्र हात थांबवून ऐकावं लागतं. तीन प्राध्यापक, एक विषय. १९९८ पासून २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग ते चालवत होते. पाहुणा पसरट बोलायला लागला की ते लगेच मुद्द्यावर आणत. ज्यांचे प्रबंध मी बांधते त्या मुलांना मी आवर्जून हे ऐकायला सांगते.

२९ मार्चला त्यांची घड्याळं पुन्हा पुढे जातील. समुद्र परत सव्वापाचला. सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवलंय.