आखातातला फोन: दुरुस्ती तिथेच करावी की बेळगावला आणावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून दुबई, शारजा किंवा मस्कतला नोकरीसाठी गेलेल्या माणसाचा फोन बिघडला की घरून हमखास एकच सल्ला मिळतो: "सुट्टीला येताना घेऊन ये, खडेबाजारात स्वस्तात करून देतील." हा सल्ला काही बिघाडांपुरताच खरा आहे, कारण बिलात सुट्या भागाची किंमत किती आणि कारागिराची मजुरी किती, यावर बचतीचे गणित ठरते.

चार्जिंगचा जॅक, माइक, पॉवर बटणाची स्ट्रिप यांत भाग स्वस्त असतो आणि पैसे प्रामुख्याने हातकामाचे जातात. अशा कामांत बेळगावात निश्चित फायदा होतो. फोन वायरलेस चार्जिंगवर चालत असेल, तर सुट्टीपर्यंत थांबायलाही हरकत नाही.

स्क्रीनची गोष्ट वेगळी आहे. यात बिलाचा मोठा हिस्सा फोल्डरचाच, म्हणजे काच आणि पडदा मिळून येणाऱ्या जोडभागाचाच असतो आणि अस्सल ओएलईडी (स्वतः प्रकाश देणाऱ्या पडद्याचा) फोल्डर कोठेही स्वस्त मिळत नाही. त्यामुळे बेळगावात सांगितलेला दर फारच कमी वाटला, तर तो बहुधा मजुरीमुळे नसून टीएफटी (मागून प्रकाश लागणाऱ्या स्वस्त पडद्याच्या) फोल्डरमुळे कमी असतो. डेरा किंवा बर दुबईतील छोट्या दुकानांतही हाच नकली माल मिळतो, तेव्हा परीक्षा दोन्हीकडे सारखीच घ्यावी. गोंद लावण्यापूर्वी फोल्डर नुसता जोडून फोन सुरू करण्यास सांगावे, पूर्ण काळे चित्र उघडावे आणि पडद्यावर हाताचा आडोसा धरून पाहावे: ओएलईडी काळाकुट्ट राहतो, टीएफटी मात्र मागच्या प्रकाशाने राखाडी दिसतो. ज्या फोनमध्ये बोटाचा ठसा पडद्याखाली घेतला जातो, त्यात टीएफटी बसवल्यास ती सोय बंद पडते, हे दुकानदार आपणहून क्वचितच सांगतो. आयफोन ११ आणि त्यापुढच्या मॉडेलांत भाग अस्सल नसल्यास सेटिंग्जमध्ये तशी सूचना येते. फोन पुढे विकायचा असल्यास ती भोवते.

वॉरंटी शिल्लक असेल, तर फार विचार करू नये. अनेक कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरती असते, म्हणून तिकडे घेतलेला फोन तिकडच्या अधिकृत केंद्रातच द्यावा. वॉरंटी संपली असली तरी मॉडेल क्रमांक तपासावा, कारण ते मॉडेल भारतात विकले जात नसल्यास येथील अधिकृत केंद्रात त्याचा भाग मिळेलच असे नाही.

राहिला प्रश्न गावी येणाऱ्या कोणाच्या हाती फोन पाठवण्याचा. यात दुरुस्ती स्वस्त पडते, पण तो परत कोण आणि कधी नेणार, हे आधी ठरलेले असावे. शिवाय मधल्या काळात बँकेचे ओटीपी यायला हवेत. साधे सिम दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. ई-सिम (फोनमध्येच बसवलेले, काढता न येणारे सिम) मात्र फोन हातचा सोडण्यापूर्वीच दुसरीकडे वळवून घ्यावे लागते, कारण पडदा पूर्ण बंद झाल्यावर ते काम फार किचकट होते. पासवर्ड सांगण्याऐवजी सॅमसंगच्या बऱ्याच नव्या फोनांत असलेला मेंटेनन्स मोड (दुरुस्तीच्या वेळी खासगी माहिती झाकून ठेवणारी सोय) चालू करून द्यावा.

बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल, तर वरचा सारा हिशेब बाजूला ठेवावा. अशी बॅटरी विमानात नेण्यास मनाई आहे, मग विमान गोव्याला उतरणारे असो वा मुंबईला. त्यामुळे फोन चार्जिंगला न लावता, मजुरी जास्त पडली तरी, बॅटरी तिथेच बदलून घ्यावी.