रानडुकरांसाठी ३०० ग्रेनची गोळी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टेक्सासच्या हिल कंट्रीत एका परिचित शेतकऱ्याच्या जमिनीवर रानडुकरांचा उपद्रव फार वाढल्यामुळे गेले आठ महिने मी तेथे .४४ मॅग्नमचे सिंगल ॲक्शन (दर बारापूर्वी घोडा हाताने ओढावा लागणारे) रिव्हॉल्व्हर घेऊन जात आहे. खासगी जमिनीवर मालकाची संमती असेल, तर २०१९ पासून या राज्यात रानडुकरांच्या शिकारीसाठी परवाना लागत नाही. काडतुसे मी घरीच भरतो.

सुरुवात २४० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅमच्या, पोकळ टोकाच्या गोळीने केली. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तिचा वेग सेकंदाला १३५० फूट भरत असे आणि ऊर्जेच्या हिशेबात ती नंतरच्या जड गोळीपेक्षा सरसच होती. लहान डुकरांवर तिने कधी निराश केले नाही. मात्र मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड ढाल असते, जी झुंजीत दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून त्याला वाचवते. मार्चमध्ये अशाच एका नरावर झाडलेली गोळी त्या ढालीतच फुलली, म्हणजे टोकाशी पसरून रुंद झाली, छातीत पुरेशी खोल गेली नाही, आणि जखमी जनावर मेस्किटच्या झुडपांत शिरले. गोळी आरपार न गेल्याने रक्ताचा माग जवळपास नव्हताच. त्याला शोधून दुसरी गोळी घालेपर्यंत पाऊण तास गेला, आणि जनावराने तेवढा वेळ यातना सोसल्या याचे मला आजही फार वाईट वाटते.

त्यानंतर मी ३०० ग्रेनच्या, कठीण शिसे-मिश्रधातूच्या, रुंद सपाट टोकाच्या गोळीकडे वळलो. ही गोळी फुलत नाही. आकार टिकवून ती सरळ रेषेत खोल जाते. डुकराचे हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे, जवळजवळ खांद्याच्या आडच असल्यामुळे हा गुण येथे वेगापेक्षा मोलाचा ठरतो. या गोळीने टिपलेल्या सात डुकरांपैकी सहांत ती आरपार गेली, आणि एकही पन्नास पावलांपलीकडे पळाले नाही.

जड गोळीची खरी अडचण धक्क्याची आहे, आणि ती केवळ मनगटापुरती नाही. पहिल्या खेपेत मी क्रिंप, म्हणजे गोळी पकडून ठेवण्यासाठी काडतुसाच्या कडेला दिलेला आतला दाब, हलका ठेवला होता. चार बार झाल्यावर पाचव्या काडतुसातील गोळी धक्क्याने पुढे सरकून सिलिंडरबाहेर (काडतुसे ठेवण्याच्या फिरत्या नळकांड्याबाहेर) आली आणि सिलिंडर फिरेनासा झाला. आता क्रिंप गोळीच्या खाचेत घट्ट बसवतो, आणि प्रत्येक नव्या खेपेत एक काडतूस सिलिंडरमध्ये तसेच ठेवून बाकीचे बार काढल्यावर त्याची लांबी कॅलिपरने पुन्हा मोजतो. दारूचे माप गोळीच्या वजनानुसार छापील तक्त्यातूनच घ्यावे. २४० ग्रेनचे माप ३०० ग्रेनला लावणे धोक्याचे आहे. मी स्वतः कमाल मापाच्या बराच खाली, सेकंदाला सुमारे ११५० फुटांवर थांबलो, कारण त्याहून जोरदार बारांत माझा दुसरा नेम लागत नव्हता. नळीत शिसे साचण्याची भीती होती, पण गोळीचा व्यास सिलिंडरच्या तोंडांशी जुळवून घेतल्यावर तो त्रास जवळजवळ संपला.

आरपार जाणाऱ्या गोळीमुळे मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या डुकराला जखम होऊ शकते. म्हणून कळप विखुरेपर्यंत मी थांबतो. गेल्या महिन्यात त्यासाठी दोन संध्याकाळी एकही बार न काढता परतलो.